परतीची दोरी

सोमवार, ३

आज यंत्र मिळालं. मिळालं म्हणजे गळ्यात पडलं.

आमच्या ग्रंथालयात पुस्तकं हातात देत नाहीत, वाचून ऐकवतात. ज्यांना दिसत नाही ते घरून फोन करतात, पुस्तकाचा क्रमांक सांगतात आणि ऐकत बसतात. बावीस वर्षं तो क्रमांक ऐकून वायर जोडून देणारी मी होते. मागच्या वर्षापासून यंत्र स्वतःच फोन उचलतं आणि स्वतःच जोडतं. माझी खुर्ची तेवढी राहिली, समोरचं काम गेलं.

म्हणून संचालकबाईंनी बोलावलं तेव्हा मी निरोपाचा चेहरा करूनच आत गेले. त्या म्हणाल्या, अण्णा निवृत्त झाले, आता यंत्राकडे कुणीतरी बघायला हवं. शिवाय टेलिफोनच्या लाइनची कंपनी बदलते आहे. जुनी लाइन अठ्ठावीस तारखेला दुपारी चारला बंद होणार. त्याआधी यंत्र नव्या लाइनवर आणायचं. "नाही जमलं तर सगळं काम बाहेरच्या लोकांना द्यावं लागेल. मग तुमच्यासाठी खुर्ची शोधणं माझ्या हातात राहणार नाही."

मी विचारलं, मीच का? तर म्हणाल्या, "अण्णांनी तुमचंच नाव घेतलं. म्हणाले, ऑपरेटरबाई समोर दिसतं तेवढंच वाचतात, मनातलं मध्ये घालत नाहीत."

हे कौतुक म्हणायचं की काय? पोपटाचंही असंच कौतुक करतात. अण्णा बासष्टीला आले होते, पण मुदतीच्या आठ महिने आधीच गेले. पाठ दुखते म्हणे. जाताना एक निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्या नावाने ठेवून गेलेत.

तरी खुर्ची राहिली. कुणाचे आभार मानायचे ते नक्की कळत नाही, पण मानते.

मंगळवार, ४

यंत्र माझ्यासमोर नाहीच. ते चार स्टॉप पलीकडे, रेकॉर्डिंगच्या इमारतीत तळघरात आहे. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. मी इथे माझ्या टेबलावर टाइप करायचं, तिथे त्याने ऐकायचं. माझ्या पडद्यावर फक्त काळोख आणि एक उघडझाप करणारी पांढरी रेघ. चित्र नाही, बटण नाही. याला लिनक्स म्हणतात, एवढं कळलं.

अण्णांना फोन लावला. पहिला प्रश्न, "काय दिसतंय? वाचा."

मी सांगितलं, कार्डाचं नाव आहे, पत्ता आहे, बाकी बरंच काहीबाही आहे.

"काहीबाही नाही. डावीकडून सुरू करा, टिंबासकट."

मग मी एकेक आकडा, एकेक टिंब, प्रत्येक तिरपी रेघ वाचून दाखवली. पहिलीतल्या मुलीसारखी. मध्येच म्हटलं, "अण्णा, तुम्हाला हे सगळं पाठ असेल की." तर म्हणाले, "मला कालचं पाठ आहे. यंत्राचं आज काय आहे ते मला कुठून ठाऊक?"

कळलं ते असं. यंत्राच्या पाठीला तारेच्या दोन खोबणी आहेत, म्हणजे दोन कार्डं. प्रत्येकीचा एक पत्ता. त्या पत्त्यावरून लोक तिच्याशी बोलतात. बाहेर जायच्या वाटेला अण्णा वेस म्हणतात. वेशीचाही एक पत्ता असतो, तो चुकला की माणूस घरातच कोंडल्यासारखा. कार्डांची नावं मात्र ई-एन-पी-तीन-एस-शून्य आणि ई-एन-पी-चार-एस-शून्य. असलं नाव कुणी पोटच्या पोराचं ठेवेल का? अण्णांनी वहीत त्यांना थोरली आणि धाकटी म्हटलंय. थोरली सगळा संसार ओढते, धाकटी नव्या लाइनची वाट बघत बसली आहे.

शिकवायची ही पद्धत मला आवडली नाही. पण दीड तास त्या माणसाने फोन ठेवला नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

शुक्रवार, ७

आज ग्रंथालय बंद पाडलं. मी.

वहीत सराव दिला होता: धाकटीला खाली करा, म्हणजे झोपवा, आणि पुन्हा उठवा. धाकटीकडे काहीच काम नाही, कुणाचं काही बिघडणार नाही. मी यंत्रातली दोन नावं पाहिली. तीन आणि चार. मोठा आकडा ती थोरली, असं धरून तीनला झोपवलं.

पडदा गोठला. टाइप करते तर अक्षर उमटेना. थोरली म्हणजे जी आधी आली ती, म्हणजे तीन, हे मला तेव्हा कळलं. ज्या तारेवरून मी बोलत होते तीच मी उपटली होती. आणि माझ्याबरोबर ऐकत बसलेल्या सगळ्यांची.

दोन मिनिटांत संचालकबाईंचा फोन वाजला. शिवणकामवाल्या आजी होत्या. रोज दोन प्रकरणं ऐकतात, त्याच वेळी हाताने काजं करतात. "तुमचा वाचणारा बोलता बोलता गेला का?" असं त्यांनी विचारलं म्हणे. मी तळघराच्या पहारेकऱ्याला फोन लावला. तो किल्ली खिशात घालून जेवायला गेला होता.

मग अण्णांना. मला रडू येत होतं, आवाजातून ते गेलंच असणार.

ते म्हणाले, "पानावरची पहिली ओळ टाइप केली होती?"

वहीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकच ओळ आहे, 'दहा मिनिटांनी पुन्हा सुरू' अशा अर्थाची. मला वाटलं ती त्यांची सवय, कुणी कागदावर तारीख घालतं तशी. पण पानावर होती म्हणून टाइप केली होती.

"केली," मी म्हटलं, "पण तो तर मथळा आहे."

पलीकडे अण्णा हसले. बावीस वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. "मग आता चहा घ्या," म्हणाले.

चहा आणेपर्यंत यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. थोरली जागी, धाकटी जागी, सगळं सकाळसारखं. अण्णांनी सांगितलं, तोंडी दिलेला हुकूम यंत्र पुन्हा सुरू झालं की विसरतं, फायलीत लिहिलेलं तेवढं लक्षात ठेवतं. म्हणून दूरच्या यंत्राच्या कार्डाला हात लावायच्या आधी ती ओळ टाकायची. चुकलो तर दहा मिनिटांत यंत्र पूर्वपदावर येतं. बरोबर आलं तर फायलीत लिहायचं आणि ती ओळ रद्द करायची. ते तिला परतीची दोरी म्हणतात.

घरी ह्यांना सांगितलं. हे शाळेची बस चालवतात, यंत्रांची भीती त्यांना नाही. म्हणाले, "लग्नाच्या वेळी अशी ओळ मला कुणी सांगितली नाही."

मी म्हटलं, "सांगितली असती तरी तुम्ही मथळा समजून सोडून दिली असती."

पोपट असल्याचा आज पहिल्यांदा आनंद झाला.

मंगळवार, ११

सकाळी हे वही हातात घेऊन माझी उजळणी घेतात. स्वतःला त्यातलं काही कळत नाही, पण बरोबर-चूक अशा खुणा करतात. आज मागून पानं उलटत होते. म्हणाले, "हे बघितलंस का? पुढची पानं मुंगीच्या पावलांची आणि शेवटची ही अशी. चालत्या बसमध्ये लिहिली का?"

खरंच, शेवटच्या दहा पानांवर जाड पेनाने चार-चारच ओळी आहेत. अक्षरं बोटभर उंच, आणि एक ओळ दुसरीच्या अंगावर चढलेली. मी विचार केला तेव्हा उलगडलं. वही माझ्याकडे येणार हे अण्णांनी तोवर ठरवलं असेल, आणि माझ्या चष्म्याचा नंबर त्यांना माहीत आहे. माझ्यासाठी मोठं लिहिलं बिचाऱ्यांनी. पहिल्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं ते आठवून वाईट वाटलं.

हे म्हणाले, "असेल." पण वही मिटताना पुन्हा एकदा ते पान बघून घेतलं.

शुक्रवार, १४

नव्या कंपनीने कागद पाठवला: नवा पत्ता, नवी वेस. तो दाखवायला सुटल्यावर अण्णांच्या घरी गेले.

तळमजल्यावर दोन खोल्या. सगळं इतकं जागच्या जागी की माझ्या घराची लाज वाटली. खुर्च्या भिंतीला चिकटवलेल्या, वाटेत काही नाही. अण्णांची थोरली बहीण त्यांच्याजवळ राहते. मी कागद हातात दिला. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही न बघता घडी घालून खिशात टाकला. म्हणाले, "काय लिहिलंय त्यात?"

"तुमच्या खिशात आहे की."

"म्हणून तर विचारतोय. पाठ केला नाही?"

नशीब, बसमध्ये वाचत आले होते. म्हणून दाखवला. शेवटची तिरपी रेघ आणि चोवीस विसरले, तर तिथेच अडवलं. "तिरपी रेघ नाही दिली तर कार्डाला वाटतं जगात आपण एकटेच. मग वेससुद्धा दिसत नाही तिला." मग पुन्हा पहिल्यापासून. असला कडक मास्तर मला शाळेत असता तर मी आज कुठच्या कुठे असते.

ताईंनी चहा आणला. कप खाली ठेवून त्याचा कान अण्णांच्या बोटांना लावून दिला. एवढे लाड मी कुठल्या भावाचे पाहिले नाहीत. आमचे बंधुराज स्वतःचा कप स्वतः विसळतात. तिन्हीसांजा झाल्या तरी दिवा लावायचं अण्णांच्या लक्षात येईना, शेवटी ताईंनी लावला. काटकसरीचं घर दिसतं.

निघताना म्हणाले, "बाई, तुमचा आवाज फोनवर आहे तसाच आहे." मी म्हटलं, मग काय बदलणार होता?

बुधवार, १९

तार जोडणारा माणूस आज तळघरात जाऊन धाकटीच्या खोबणीत नवी तार बसवून आला. पहारेकऱ्याने फोनवर बातमी दिली, "बाई, हिरवा दिवा डोळे मिचकावतोय." त्याने तो वाकून, पार कपाटामागे डोकं घालून बघितला. मी सांगितलंही नव्हतं. सात तारखेला ह्या माणसाला मी मनात बरंच बोलले होते. त्याचेही आभार.

मन मात्र ठिकाणावर नाही. चार स्टॉप पलीकडचं, कधी न पाहिलेलं यंत्र, आणि मी एकोणपन्नास वर्षांची. बाहेरच्या लोकांनी हे काम तासाभरात केलं असतं. त्यांना दोरी लागली नसती. बाईंनी माझ्यावर दया केली का, हा प्रश्न दिवसभर मागे लागला होता. आणि नाही जमलं तर? ह्यांच्या एकट्याच्या बसवर घर चालेल, पण मी घरात बसून काय करणार? बावीस वर्षं लोक मला आवाजावरून ओळखतात. दुसरीकडे मला कोण ओळखतं?

वही उघडली नाही आज.

गुरुवार, २७

सगळी ओळीने उजळणी झाली. दोरी टाकायची. धाकटीला नवा पत्ता द्यायचा. वेस नव्या बाजूला वळवायची. ती वळली की पडदा गोठणार, घाबरायचं नाही, नव्या पत्त्याने पुन्हा आत शिरायचं. फोन लावून बघायचं. फायलीत लिहायचं. दोरी सोडायची, म्हणजे ती ओळ रद्द करायची.

उद्या दोनला सुरू करायचं, तेव्हा ऐकणारे कमी असतात. अण्णा म्हणाले, "दोनला फोन करा. मी शेजारीच बसलेला असेन."

ह्यांनी माझ्या चष्म्याच्या काचा पुसून डबीत ठेवल्यात.

शुक्रवार, २८

घरी आले. जेवणं झाली. आता शांतपणे लिहिते, एकही गोष्ट सुटायला नको.

दोनला अण्णांना फोन लावला. व्यस्त. दोन वाजून पाच, व्यस्त. दहा, व्यस्त. आज, सगळं सोडून आज हा माणूस कुणाशी गप्पा मारतोय? मला राग आला, मग भीती वाटली. संचालकबाई माझ्यामागे उभ्या होत्या. नव्या कंपनीने सकाळीच कळवलं होतं की जुनी लाइन चारला म्हणजे चारला बंद.

बाई म्हणाल्या, "तुम्हाला येतं ना सगळं? करा सुरू."

येत होतं. वही उघडी होती. पण वेस वळवली की त्या घडीला जे ऐकत असतील त्यांचे फोन तुटणार. आणि जोडणीच्या फळीवर मी पहिल्या दिवसापासून एक शिकले होते: वायर ओढायच्या आधी कान लावून बघायचं, कुणी बोलत तर नाही. म्हणून आत्ता कोण कोण ऐकतंय त्याची यादी काढली.

तिघं होते. पहिल्या शिवणकामवाल्या आजी, त्यांचं प्रकरण संपतच आलं होतं. दुसरे एक जुने सभासद, तेही दोन मिनिटांत गेले. तिसरा नंबर मी वाचला आणि पुन्हा वाचला. नंबर मी विसरत नाही, बावीस वर्षं तेच केलं. हा तर मी साडेतीन आठवडे रोज फिरवत होते. आत्ता पाच मिनिटांपूर्वी फिरवला होता.

अण्णांचा फोन व्यस्त होता कारण अण्णा आमचंच ग्रंथालय ऐकत होते.

आमचं सभासदत्व कुणाला मिळतं ते दारावरच्या पाटीवर लिहिलंय. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही, त्यांना. अण्णांचा सभासद क्रमांक अगदी शेवटचा होता, गेल्या महिन्यातला.

मग एकेक आठवत गेलं. टिंबासकट वाचा. कागदाची न बघता घातलेली घडी. कपाचा कान, न लावलेला दिवा, अंगावर चढलेल्या ओळी. आणि मी म्हणे, माझ्या चष्म्यासाठी. पोपटाला तरी इतकं समोरचं दिसलं असतं.

यादीत पुस्तकही दिसतं. नऊ वर्षांपूर्वी आमच्या वाचक बाईंचा घसा बसला होता तेव्हा त्यांच्या जागी मी एकच पुस्तक वाचलं होतं, दीपगृहाच्या एका रखवालदाराची गोष्ट. अण्णा ते ऐकत होते. पाचवं प्रकरण, संपायला सव्वीस मिनिटं.

बाई म्हणाल्या, "एकच माणूस आहे ना? तोडा."

मी म्हटलं, "बाई, ऐकत्या माणसाची वायर मी कधी ओढली नाही. एकदाच ओढली, सात तारखेला, ती चुकून."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मला वाटलं आता संपलं. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसल्या. कोण ऐकतंय ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सव्वीस मिनिटं आम्ही दोघी त्या नंबराकडे बघत बसलो. एवढा मोठा उपकार माझ्यावर कुणी एवढा गप्प बसून केला नव्हता.

दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी नंबर गेला. मी लगेच फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

"बाई, किती वाजले?" आवाज घाबरलेला होता.

"वेळ आहे अजून," मी म्हटलं. "मी वाचते. डावीकडून सुरू करते."

आणि वाचलं. दोरीची ओळ. धाकटीचं नाव, चार, पत्ता, टिंब, टिंब, टिंब, तिरपी रेघ, चोवीस. अण्णा विचारतील याची वाट मी बघितली नाही. वेस वळवली, पडदा गोठला. नव्या पत्त्याने आत शिरले. काळोख, आणि मग ती पांढरी रेघ, उघडझाप करत. बाईंनी स्वतःच्या फोनवरून ग्रंथालयाचा नंबर फिरवला, कानाशी धरला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. यंत्र पुस्तकाचा क्रमांक विचारत होतं. शेजारच्या खोलीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"आता फायलीत," अण्णा म्हणाले. लिहिलं. "वाचा."

डावीकडून वाचू लागले. ई, एन, पी, तीन, एस, शून्य, पत्ता...

"थांबा. कुठली म्हणालात?"

मी पडद्याकडे बघितलं. मी तीन लिहिलं होतं. धाकटीऐवजी थोरली. मनात चारच होतं, कुणी विचारलं असतं तर शपथेवर चार सांगितलं असतं. पण पडद्यावर तीन होतं म्हणून तोंडातून तीन निघालं. ते तसंच राहिलं असतं तर पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना ते नवा पत्ता बंद पडलेल्या लाइनवर घेऊन बसलं असतं.

तीनाचे चार केले. पुन्हा वाचलं, शेवटपर्यंत.

"बरोबर. मी मनात मोजतोय, नऊ मिनिटं होत आली, बाई. दोरी."

दोरी मी पार विसरले होते. सोडली तेव्हा मिनिटभर उरलं असेल.

चारला जुनी लाइन गेली. कुणाला कळलंही नाही. सव्वाचारला शिवणकामवाल्या आजी पुन्हा ऐकायला बसल्या, त्यांचा नंबर बघून घेतला. बाई जाताना म्हणाल्या, "सोमवारी तुमच्या पदाचं नाव काय लिहायचं ते ठरवू." मी नुसतं हो म्हटलं.

ह्यांना अण्णांचं सांगितलं. हे म्हणाले, "मला वहीवरून वाटलं होतं. पण तू इतकी खुशीत होतीस."

शनिवार, २९

अण्णांकडे गेले, आभार मानायला. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, तिथे एकही शब्द आठवला नाही.

त्यांनीच सुरुवात केली. "काल टिंबं न विचारता सांगितलीत. कधी कळलं?"

"तुमचा फोन व्यस्त होता तेव्हा."

ते हळूच म्हणाले, "ताई बाहेर गेली होती, घड्याळ ती सांगते. छातीत धडधडत होतं म्हणून म्हटलं थोडं ऐकू, आणि वेळेचं भान राहिलं नाही. तुम्ही तोडलं असतं तरी चाललं असतं."

"चाललं नसतं," मी म्हटलं.

दीड वर्षापासून नजर जातेय. ऑफिसात पाठ दुखते म्हणून सांगितलं. म्हणाले, "चोवीस वर्षं ह्याच लोकांसाठी काम केलं. त्यांच्यातला एक व्हायची वेळ आली तर लाज वाटली. आता त्या लाजेची लाज वाटते."

मी रडले. मला आवरत नाही, तर लपवू कशाला? मी म्हटलं, तुम्ही नसतात तर माझी खुर्ची गेली असती. माझं नाव तुम्ही घेतलंत. ते दारात परडी घेऊन भाजी निवडत बसलेल्या ताईंच्या दिशेने बघत राहिले, म्हणजे चेहरा तिकडे ठेवला.

"तुमचं नाव मी माझ्यासाठी घेतलं, बाई. त्या काळ्या पडद्यावर चित्रं नसतात. नुसते शब्द. कुणी जसंच्या तसं वाचलं तर मला पूर्वी दिसायचं तेवढं सगळं दिसतं. बाकीचे वाचताना सुधारून वाचतात, गाळतात, 'काहीबाही' म्हणतात." मी शरमले. ते हसले. "तुम्ही एकदाच म्हणालात. साडेतीन आठवडे मी कामावर होतो. रोज. ते तुमच्यामुळे."

आभार मानायला मी गेले होते आणि घेऊन आले. हा हिशेब मला अजून लागत नाही.

निघताना निळी वही परत करायला काढली, काम झालं म्हणून. त्यांनी ती दोन्ही हातांनी चाचपली, पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. म्हणाले, "मला काय उपयोग? मलाच वाचता येत नाही आता." आणि परत माझ्या हातात दिली. ते सहज म्हणाले. मला बसमध्ये पूर्ण वेळ तेच ऐकू येत होतं.

गुरुवार, १०

तीन दिवस रेकॉर्डिंगच्या इमारतीत जात होते. यंत्र पहिल्यांदाच पाहिलं. छोटंसं, राखाडी, बुटाच्या खोक्याएवढं. त्याच्या पाठीवर दोन दिवे मिचकावत होते. पहारेकऱ्याने स्वतःच्या घरचं असल्यासारखं दाखवलं.

वही एक्केचाळीस पानांची आहे. रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ दुसऱ्या पानालाच थांबले. "ही वरची ओळ प्रत्येक पानावर आहे. एकदा वाचली की पुरे, ऐकणारा कंटाळेल."

मी म्हटलं, "समोर दिसतं तेवढं वाचते मी." एक्केचाळीस वेळा वाचली. शेवटची दहा पानं वाचायला सगळ्यात जास्त वेळ लागला. एक ओळ दुसरीच्या अंगावर, आणि मला घाईने अंदाज करायचा नव्हता.

अण्णांना नवा क्रमांक काल कळवला. कसलं पुस्तक आहे ते सांगितलं नाही, म्हटलं ऐकून बघा.

आज दोनला थोरलीचं एक किरकोळ काम करायचं होतं. ती आता रिकामीच आहे, पण शेवटी यंत्र पुन्हा सुरू करावं लागतं. आधी यादी काढली. एकच नंबर होता. अडीचला पुन्हा बघितलं, होता. सव्वातीनला होता, तेव्हा सतरावं पान चाललं असेल.

थोरलीचं काम उद्या करीन.